पोटरी फडफडते म्हणून तिसरा न्यूरोलॉजिस्ट गाठू का?

(पत्र थोडं छोटं केलंय, आतल्या कंसातली माहिती माझी.)

"डॉक्टरताई नमस्कार, मी ३४ वर्षांची, नाशिकला असते, प्रायमरी शाळेत टीचर आहे, मुलगी सहा वर्षांची. गणपतीच्या सुमारास माझी डावी पापणी लवायला लागली, ती थांबली पण मग पोटरीत फडफड सुरू झाली, कातडीखाली अळी वळवळल्यासारखी, मग मांडी, दंड, अंगठा, कुठेही. रात्री अंथरुणावर पडलं की जास्त. हातापायाला मुंग्या येतात, उजवा हात कमजोर वाटतो, एकदा चहाचा कप हातातून सुटला. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका दोन वर्षांपूर्वी एमएनडीने (स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात तो आजार) गेले, शेवटी शेवटी मी त्यांना पेज भरवायला जायचे, त्यांच्या दंडावर अशीच फडफड दिसायची. दोन न्यूरोलॉजिस्ट झाले, ईएमजी आणि एनसीव्ही (स्नायूंची सुई घालून केलेली आणि नसांची तपासणी) नॉर्मल, एमआरआयमध्ये एक छोटा पांढरा ठिपका आहे त्यापुढे नॉनस्पेसिफिक असं लिहिलंय, बी१२ १६८ आलं, बाकी सगळं नॉर्मल. दोघंही म्हणाले काही नाही. बाहेर पडलं की दोन दिवस बरं वाटतं मग परत तेच, ईएमजी फार लवकर तर केली नाही ना, ठिपका एमएसचा (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होतं तो आजार) तर नसेल ना. मुलगी झोपली की मी किचनमध्ये टाचांवर चालून बघते, बाथरूमच्या आरशात मोबाईलच्या टॉर्चने जीभ बघते, पोटरीचे कितीतरी व्हिडिओ फोनमध्ये आहेत. मिस्टर आधी समजावायचे आता चिडतात, म्हणतात मन चिंती ते वैरी न चिंती, डोक्यातून काढून टाक. मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांची पुढच्या महिन्यातली अपॉइंटमेंट मिळतेय. जाऊ का? आणि मला खरंच काही झालं तर माझ्या मुलीचं काय?"

अगं, तू विचारलंयस जाऊ का, तर त्याचं उत्तर आधी देते, जाऊ नकोस. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाहीये, निदान तुला प्रत्यक्ष टेबलावर झोपवून, हातोडीने रिफ्लेक्स बघून, सुया टोचून दोन जणांनी केलेलं आहे आणि दोघांचं एकमत आहे. तिसरे डॉक्टर पण बहुतेक तेच सांगतील, तू दोन दिवस शांत झोपशील आणि तिसऱ्या दिवशी तुला चौथा डॉक्टर लागेल. हे मी तुला दुखवायला म्हणत नाहीये, तुझ्याच पत्रात तू लिहिलंयस की दोन दिवस बरं वाटतं मग परत तेच. मला तुझ्या अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते वाटलं.

पण त्याआधी एक गोष्ट. तुझी फडफड खरी आहे. मुंग्या खऱ्या आहेत. "सगळं मनाचे खेळ आहेत" हे जे तुला दोन मिनिटांत सांगून बाहेर पाठवलं जातं ना, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण पोटरी तर समोर उडताना दिसतेय, मग मनाचे खेळ कसले? पेशंटला वाटतं ह्यांनी नीट बघितलंच नाही आणि तो पुढचा डॉक्टर शोधायला लागतो. तेव्हा जे तुला कुणी बसून सांगायला हवं होतं ते मी सांगते.

स्नायूंची अशी बारीक फडफड, ज्याला आम्ही फॅसिक्युलेशन म्हणतो, ती बहुतेक सगळ्या धडधाकट माणसांना आयुष्यात कधी ना कधी होते. पापणी, पोटरी, अंगठ्याचा फुगीर भाग या तर तिच्या नेहमीच्या जागा. डोळा लवणं हे आपल्याकडे इतकं जुनं आणि इतकं घरोघरचं आहे की त्यावर शकुन-अपशकुन ठरलेले आहेत, उजवा कुणाचा चांगला, डावा कुणाचा. जागरण, चहा-कॉफी जास्त होणं, खूप चालणं किंवा अचानक व्यायाम, तापातून उठणं, काही औषधं, थायरॉईड, कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी होणं, आणि भीती, यातल्या कशानेही ती वाढते. रात्री पडल्यावर जास्त का वाटते, तर दिवसभर तू वर्गात उभी असतेस, पळत असतेस, तेव्हा फडफड झाली तरी पत्ता लागत नाही, रात्री सगळं शांत झालं की तुझं सगळं लक्ष पोटरीवर. आत्ता हे वाचताना तुझ्या हातातल्या बांगडीचा किंवा घड्याळाच्या पट्ट्याचा स्पर्श तुला जाणवायला लागला असेल, मी नाव घेण्याआधी तो नव्हता का? होताच. लक्ष गेलं की जाणीव वाढते, बस एवढंच.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ साली एक अभ्यास छापला होता. ज्यांना नुसती फडफड आहे आणि तपासणीत बाकी काही सापडलेलं नाही अशा १२१ लोकांचा त्यांनी पुढे माग ठेवला, कुणाचा दोन वर्षं, कुणाचा तीस वर्षांच्याही वर, आणि त्यातल्या एकालाही एमएनडी झाला नाही. आणि ही भीती काही तुझ्या एकटीची नाही, डॉक्टर लोक आणि मेडिकलची मुलं यात मोठ्या संख्येने असतात, न्यूरोलॉजीचं पुस्तक वाचायला घेतलं की यांची पोटरी उडायला लागते. तेव्हा शिकलेली असून मी असं कसं वागते असं स्वतःला म्हणत असशील तर ते बंद कर.

मुंग्यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं. माणूस घाबरला की नकळत श्वास भराभर आणि वरवर घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, रक्ताचा समतोल जरा अल्कलीकडे सरकतो, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा नको तितक्या तरतरीत होतात, मग बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या, हात जड, छातीत धडधड, कधी बोटं आखडल्यासारखी. म्हणजे भीती अगदी केमिस्ट्रीच्या वाटेने हातात उतरते. एमएनडीमध्ये बिघाड मुख्यतः स्नायू हलवणाऱ्या नसांचा असतो, स्पर्शाच्या नसा जवळपास शाबूत राहतात, त्यामुळे मुंग्या हे त्या आजाराचं ठळक लक्षणच नाही. तू जे पुरावे म्हणून गोळा करतेयस त्यातले अर्धे खरं म्हणजे उलट्या बाजूचे आहेत.

आणि आता तुझ्या फाईलमधली ती एक गोष्ट जिच्याकडे तू नुसतं बघून पुढे गेलीस. बी१२ १६८. नेहमीच्या लॅबच्या रिपोर्टवर साधारण २०० च्या खाली गेलं की कमी धरतात. तू शाकाहारी आहेस की नाही ते लिहिलं नाहीस पण असशील तर नवल नाही, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ साली पुणे आणि आसपासच्या पुरुषांवरचा अभ्यास छापला होता त्यात दोन तृतीयांश जणांचं बी१२ कमी निघालं होतं. इतकं हे आपल्याकडे सर्रास आहे. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पालेभाज्या-कडधान्यांतून मिळत नाही. बी१२ कमी असलं की हातापायाला मुंग्या येतात, थकवा येतो, चिडचिड होते, मन पण खाली जातं. म्हणजे दुर्मिळातला दुर्मिळ आजार शोधण्यात तीन महिने गेले आणि जे सापडलं, ज्यावर स्वस्त उपाय आहे, ते कागदात तसंच पडून राहिलं. उद्याच तुझ्या फॅमिली डॉक्टरकडे जा, गोळ्या घ्यायच्या की इंजेक्शनं, किती दिवस, ते त्यांना ठरवू दे, स्वतःच्या मनाने मेडिकलमधून मल्टिव्हिटॅमिन आणून बसू नकोस. मुंग्या एका आठवड्यात नाही जाणार, काही आठवडे किंवा महिने लागतात. आणि कृपा करून बी१२ च्या कमतरतेने काय काय होतं हे रात्री सर्च करत बसू नकोस, तुझी तपासणी नॉर्मल आहे, भरून काढायचं आहे आणि पुढे जायचंय.

ठिपक्याबद्दल. एमआरआयमध्ये असे एकदोन पांढरे ठिपके धडधाकट लोकांमध्येही दिसतात, मायग्रेनवाल्यांमध्ये तर जास्तच, वयाबरोबर वाढतात. एमएसचे ठिपके ठराविक जागी आणि ठराविक आकाराचे असतात, रेडिओलॉजिस्टला ते शोधायलाच बसवलेलं असतं, आणि नॉनस्पेसिफिक लिहिलंय त्याचा अर्थ यावरून कुठल्याही आजाराचं नाव घेता येत नाही इतकाच. शिवाय एमएसचा झटका येतो तो कमीत कमी चोवीस तास आणि सहसा काही दिवस-आठवडे टिकतो, एका डोळ्याचं दिसणं धूसर होतं आणि डोळा हलवला की दुखतं असं काहीतरी. इथे दोन सेकंद, तिथे पाच सेकंद असं एमएस फिरत नाही.

हाताचं. कमजोर वाटणं आणि कमजोर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एमएनडी सुरू होतो तेव्हा माणसाला बऱ्याचदा आधी काही वाटतच नाही, एक दिवस कुलपात किल्ली फिरत नाही, नेलकटर दाबलं जात नाही, चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते, आणि ते दुसऱ्या दिवशीही तसंच असतं, पुढच्या आठवड्यात जास्त. एकदा कप सुटला आणि नंतर तू त्याच हाताने फळ्यावर तासभर लिहिलंस, पोळ्या लाटल्यास, ही कमजोरी नव्हे. आणि हे मी एकदाच लिहितेय, आता यातल्या नेलकटरची रोज रात्री टेस्ट घेत बसू नकोस, मला माहितेय तुझा हात तिकडे जाईल.

ईएमजी लवकर झाली का, हा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय, तुझ्यासारखे सगळे हेच वाचतात. एमएनडीमुळे एखादा स्नायू फडफडत असेल तर त्या स्नायूच्या नसेचं नुकसान आधीच सुरू झालेलं असतं आणि सुई घातली की त्याच्या खुणा दिसायला लागतात. तुझी फडफड महिनोन्‌महिने चालू असताना ईएमजी स्वच्छ आलीय. शिवाय हा आजार वर्षाला लाखात साधारण एक-दोन लोकांना नव्याने होतो, आणि तोही बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढेमागे. तू लगेच म्हणशील शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना तर २१ व्या वर्षी याच आजाराचं निदान झालं होतं. झालं होतं, १९६३ साली, आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण बघ ना, तुझं मन कसं चालतंय, लाखभर माणसं एका बाजूला आणि एक अपवाद दुसऱ्या बाजूला ठेवला की ते अपवादाच्या शेजारी जाऊन बसतं.

ते तिथेच का जाऊन बसतं याचं कारण मला काकांमध्ये दिसतं. तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस. तू त्या माणसाला पेज भरवलीस गं. ठसका लागेल म्हणून चमचा अर्धाच भरून, मान हाताने धरून, प्रत्येक घोट उतरतोय का बघत. असं करणाऱ्या माणसाच्या अंगात ते मुरतं आणि कुणी विचारतही नाही कारण तू काही घरची नव्हतीस, रडायचा हक्क काकूंचा आणि त्यांच्या मुलांचा. तू तो आजार अगदी जवळून बघितलास पण शेवटाकडून बघितलास. काकांच्या दंडावर फडफड दिसली तेव्हा तो दंड कधीच वाळून गेला होता, तो हात उचलला जात नव्हता, बोलणं गेलं होतं. फडफड ही त्या सगळ्याच्या बरोबर आलेली एक छोटी गोष्ट होती, पण तुझ्या डोळ्यांनी तीच उचलली आणि आता तुझी पोटरी उडाली की तुला पोटरी दिसत नाही, काका दिसतात. एकदा काकूंकडे जा. तब्येतीचं बोलायला नको, नुसतं त्यांच्याबद्दल बोलायला. ते झालेलं नाहीये असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं.

आता खरं काम. तुला जे झालंय त्याला हेल्थ अँग्झायटी म्हणतात, म्हणजे आपल्याला मोठा आजार झालाय अशी सतत भीती, हा खराखुरा आजार आहे, त्याला निदान आहे आणि उपचार आहे. तो जगतो कशावर तर तपासण्यावर. भीती वाटली, जीभ बघितली, ठीक दिसली, हुश्श. मेंदू यातून शिकतो की जीभ बघितली म्हणून वाचलो, तेव्हा पुढच्या वेळी परत बघ. हे गजकर्ण खाजवण्यासारखं आहे, खाजवताना इतकं बरं वाटतं आणि त्यानेच पसरतं. आणि तुझ्या तपासण्या स्वतःच नवीन लक्षणं बनवतात. रोज रात्री टाचांवर चाललीस की नडगीचे स्नायू दुखणार, थकणार आणि थकलेला स्नायू फडफडणार. जीभ बाहेर काढून धरली की कुणाचीही जीभ थरथरते, म्हणून तर न्यूरोलॉजिस्ट जीभ तोंडातच सैल ठेवायला सांगून बघतो. दोन तळव्यांचे फोटो शेजारी ठेवलेस तर फरक दिसणारच, लिहिणारा हात आणि न लिहिणारा हात सारखे नसतात. सर्चचंही तेच. मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००८ साली मांडलं होतं की डोकेदुखीबद्दल वेबवर सर्च केलं तर ब्रेन ट्यूमर आणि कॉफी सोडल्याने दुखणारं डोकं हे दोन्ही जवळपास सारख्याच प्रमाणात समोर येतात, प्रत्यक्षात यातलं एक किती सर्रास आणि दुसरं किती दुर्मिळ. आता तर तू एका पेशंटचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलास की ॲप तुला तसेच दहा दाखवतं, आणि चॅटजीपीटीला विचारलं तरी तू प्रश्न फिरवून फिरवून तिथेच नेतेस.

तर बंद काय करायचं. टाचांवर चालणं आणि जीभ, हे दोन आजपासून. एकदम जमलं नाही तर इच्छा झाली की पंधरा मिनिटं थांब, घड्याळ लाव, त्या पंधरा मिनिटांत काहीतरी हाताने करायचं काम कर, वह्या तपास, भाजी निवड, आणि पंधरा मिनिटांनी परत ठरव. बऱ्याचदा लाट ओसरलेली असते. नसेल तर आणखी पंधरा. फोनमधले व्हिडिओ मिस्टरांना शेजारी बसवून डिलीट कर, डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमधून पण. फोन रात्री बेडरूमच्या बाहेर चार्जिंगला, अलार्मसाठी साधं घड्याळ आण. लक्षणांचं सर्च पूर्ण बंद, कमी नाही, बंद. आणि मी तुला खोटं सांगणार नाही, पहिला आठवडा-दोन आठवडे भीती वाढेल, वाटेल की आपण काहीतरी गंभीर दुर्लक्षित करतोय, मुलीचा गुन्हा करतोय, अगदी ताईंना लिहून उपयोग नव्हता असंही वाटेल. ते होणारच आहे, भीतीचं खाणं बंद केलं की ती आधी आरडाओरडा करते. तेवढे दिवस काढ.

फडफड थांबायची वाट बघू नकोस हेही सांगून ठेवते. ती आहे, कदाचित वर्षभर अधूनमधून राहील, काहींना कायमच असते. तिच्यासकट वर्गावर जायचं, भिशीला जायचं, शिबिराला मुलांना घेऊन जायचं. तू ह्या तीन महिन्यांत काय काय टाळलंस त्याची मला शंका आहे.

मिस्टरांसाठी दोन ओळी, त्यांना हे वाचायला दे. भाऊ, तुम्ही चिडता ते मला कळतं, दिवसातून दहा वेळा पोटरी बघून "काही नाही गं" म्हणायचं आणि अकराव्या वेळी तोच प्रश्न. पण "डोक्यातून काढून टाक" याने काही निघत नाही, नाहीतर तिने कधीच काढलं असतं. तुम्ही पोटरी बघणं पण थांबवा. तिने विचारलं की शांतपणे म्हणा, तू घाबरली आहेस ते मला दिसतंय, पण आपण ठरवलंय म्हणून मी बघणार नाही, चल खाली एक चक्कर मारून येऊ. आणि खरंच उठा आणि चक्कर मारा. सुरुवातीला ती रडेल, भांडेल, तुम्हाला दगड म्हणेल, तरी.

मुलीचं. सहा वर्षांची पोरं सगळं बघत असतात, आई बाथरूमचं दार लावून टॉर्च घेऊन काय करते हे तिला माहीत नसेल असं समजू नकोस. तिला सरळ सांग की आईला काळजी वाटण्याचा त्रास होतोय, त्यावर डॉक्टरांचा उपचार चालू आहे, तो बरा होतो. एवढं तिला पुरतं, काहीच न सांगण्यापेक्षा फार बरं. आणि "मला खरंच काही झालं तर" याचं उत्तर मी "काही होणार नाही" असं देणार नाही, ती गॅरंटी कुणालाच कुणाची देता येत नाही, मला माझीही नाही. पण त्या प्रश्नातला जो करण्याजोगा भाग आहे तो एका रविवारी दुपारी करून टाक. बँकेत, पीएफमध्ये नॉमिनी लावलेत का बघ, टर्म इन्शुरन्स नसेल तर दोघांचा घ्या, साधं मृत्युपत्र करा, तुमच्या दोघांच्या माघारी मुलगी कुणाकडे याचं बहिणीशी भावाशी मोकळं बोलून ठेवा. हे तसंही प्रत्येक आईबापाने करायचं असतं. केलं, फाईलला लावलं, झालं. त्यानंतर रात्री हा प्रश्न आला की तुला माहीत असेल की त्यावर जे करायचं ते करून झालंय.

एकटीने हे सगळं जमेलच असं नाही आणि जमलं नाही तर त्यात तुझी काही चूक नाही. यावर सगळ्यात चांगला उपयोग सीबीटी नावाच्या, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचा होतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठ, फोनवरच विचार की हेल्थ अँग्झायटीवर सीबीटी करता का, नुसत्या गप्पा आणि धीर देणारा नको, धीर तुला आत्तापर्यंत भरपूर मिळालाय. सहसा आठवड्याला एक अशी दहा-पंधरा सेशन्स लागतात आणि मधे घरचा अभ्यास असतो, तो तू टीचर असल्यामुळे नीट करशील. झोपच उडालीय, खाणं सुटलंय, शाळेत लक्ष लागत नाही असं असेल तर सायकिअॅट्रिस्टला पण भेट. ते बहुधा एसएसआरआय गटातली, चिंता आणि नैराश्यावरची गोळी देतील, तिचा गुण यायला काही आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा बेचैनी थोडी वाढू शकते, आणि सुरुवातीला या गोळीने स्वतःलाही फडफड-थरथर वाटू शकते, ते आधीच माहीत असू दे म्हणजे घाबरून सोडणार नाहीस. सुरू केली की स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. आणि शेजारणीने दिलेली किंवा मेडिकलवाल्याने ओळखीवर दिलेली अल्प्राझोलाम ही शांत करणारी गोळी रोज घ्यायला लागू नकोस, ती तासाभरात बरं वाटवते म्हणूनच तिची सवय लागते. खर्चाचा प्रश्न असेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार ओपीडी असते, आणि केंद्र सरकारची टेली मानस ही हेल्पलाईन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता सर्च करायचा हात शिवशिवला की त्याऐवजी हा नंबर लाव. कधी जगणंच नको असं वाटलं तर तर नक्की लाव, आणि मिस्टरांना उठव.

बाकी वाचकांसाठी हे लिहायलाच हवं, नाहीतर कुणीतरी खरी गोष्ट भीती समजून घरी बसेल. चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अचानक अडखळलं, तर एक मिनिट न घालवता सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला जायचं, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आयुष्यात कधी नाही असं विजेसारखं एकदम डोकं दुखलं, पहिल्यांदा फिट आली, लघवीवरचा ताबा गेला, तर तेही लगेच. आणि पाऊल लोंबतंय, बोटांनी बटण लागेनासं झालंय, घोट घशात अडकतोय आणि हे आठवड्यागणिक वाढतंय तर न्यूरोलॉजिस्ट. तुझ्या पत्रात यातलं काहीही नाहीये.

तुझ्यासाठी वेळापत्रक असं. दोन न्यूरोलॉजिस्टपैकी ज्यांनी तुला नीट तपासलं, ज्यांच्यावर जरा जास्त विश्वास बसला, ते एक ठरव आणि त्यांना सहा महिन्यांनी एकदा दाखव, लक्षण असो नसो, तारीख आत्ताच घे म्हणजे मधे धावायला नको. बी१२ सुरू करून तीन महिन्यांनी तेवढीच एक टेस्ट परत. मुंबईच्या क्लिनिकला फोन करून नको म्हणून सांग. मधल्या काळात ते फुल बॉडी पॅकेज, परत एमआरआय, यातलं काहीच नाही, कुणी डिस्काउंटचा मेसेज पाठवला तरी.